मोफत ऑपरेशन होतं, तरी आत्या सहा वर्षं चाचपडत का राहिली?

माणदेशी_पाखरू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझी आत्या माण तालुक्यात राहते, वय ७१. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिनं मला आवाजावरून ओळखलं. चष्मा का लावत नाहीस म्हटलं तर म्हणाली, "चष्म्यानं काय हुतंय, समदं धुकंच हाय." चुलीपाशी हात चाचपत जाते. शेळीची धार अंदाजानं काढते. पायरीवर आधी काठी आपटते, मग पाय टाकते. चुलतभाऊ म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कधीपासून? "झाली की पाच-सा वर्सं."

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मग का नाही केलं? मी एकेकाला धरून विचारलं. एक म्हणाला, अजून पिकला नाही. दुसरा म्हणाला, सुगी संपू दे. वहिनी म्हणाली, न्यायचं कुणी आणि तिथं राहायचं कुणी? वरच्या आळीतल्या एकाचा डोळा ऑपरेशननंच गेला, असंही कळलं. आणि खुद्द आत्या म्हणते, "मला आता काय बघायचंय? नातवंडांची तोंडं हातानं कळत्यात."

तर मुद्दा असा. एप्रिलात गावची जत्रा आहे. मुंबई-पुण्यातल्या आम्ही पोरांनी वर्गणी काढली आहे. निम्म्यांना ती कुस्त्यांच्या इनामाला घालायची आहे, मी म्हणतोय डोळ्यांचं शिबिर घेऊ. शिबिरानं खरंच काही होतं का? घ्यायचं तर काय सांभाळायचं?

चहाबिस्कीट

कुस्त्याही ठेवा. डोळे आल्यावर बघायला काहीतरी नको का? (हलके घ्या.)

खडू_फळा

@चहाबिस्कीट डोळे "आले" तर थेंब घाला आणि मैदानापासून लांब राहा, पैलवानांना लागण होईल.

भिंगवाले_काका

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून २९ वर्षं काढली, आता निवृत्त. चांगला विषय काढलात.

आधी ते "पिकण्या"चं सांगतो. लोक अडाणीपणानं म्हणतात असं समजू नका, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं आहे. पूर्वी ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं भिंग अख्खं काढून टाकत आणि आत नवीन काही बसवत नसत. रोग्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून उताणं झोपवायचं, हलायचं नाही. नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा, दहा नंबरचा जाड चष्मा. त्या चष्म्यातून सरळ पुढचं मोठं दिसायचं आणि कडेचं गायब व्हायचं. तेव्हा थोडंफार दिसत असेल तोवर ऑपरेशन न केलेलंच बरं असायचं, म्हणून डॉक्टर "पिकू द्या" म्हणत. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प आला, सात राज्यांत महाराष्ट्र होता. त्या सुमारास सरकारी दवाखान्यांत आत कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रुळली. ऑपरेशन बदललं, पण जुना निरोप मागे घ्यायला कुणी गावात गेलं नाही. आज गणित उलटं आहे. पिकून कडक, तपकिरी झालेला मोतीबिंदू काढायला जास्त अवघड. पार अतिपिकला तर फुटतो, डोळ्यात दाब चढतो आणि असलेली नजरही जाते.

शिबिराबद्दल. गावात फक्त तपासणी करा. ऑपरेशन शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात करू देऊ नका, कुणी कितीही मोठा डॉक्टर येतो म्हणाला तरी. अशा शिबिरांत जंतुसंसर्ग होऊन एकाच दिवसात डझनावारी लोकांचे डोळे गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत, म्हणूनच ऑपरेशन दवाखान्याच्या थिएटरमध्येच करायचा नियम आहे. तुमच्या वरच्या आळीतल्या बाबांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण एक डोळा गेला की त्या गावात दहा वर्षं कुणी येत नाही, हे मी बघितलंय. तपासणीत निघालेल्यांची शुगर आणि बीपी तिथंच बघा, नाहीतर दवाखान्यातून परत पाठवतात आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. न्यायला-आणायला गाडी तुमची. महिन्याभरानं नंबर काढायला परत न्यायचं, तीही गाडी तुमची. आणि दुसरा डोळा! एक झाला की सगळे विसरतात.

वर्गणीतला मोठा वाटा डिझेलला ठेवा, ऑपरेशनला पैसे लागत नाहीत.

कोल्हापुरी_सूनबाई

काकांचा प्रतिसाद सुंदर. पण "न्यायचं कुणी" यावर मला बोलायचंय.

आमच्याकडे सासऱ्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा कुणी पिकायची वाट बघितली नाही, कारण पेपर वाचता येईना. दोन महिन्यांत ऑपरेशन. सासूबाईंना झाला तेव्हा चार वर्षं गेली. भाकरी गोल होत होती, तांदूळ निवडताना खडे राहायचे एवढंच. मग तांदूळ मी निवडायला लागले आणि प्रश्न मिटला, म्हणजे घराचा मिटला. बाईला दिसत नसलं तर तिचं काम दुसरी बाई उचलते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

तुमची आत्या "मला काय बघायचंय" म्हणते ना, ते तिचं मत नाही हो. कुणाचा खाडा नको म्हणून बोललेलं आहे.

आकडेमोड

@सूनबाई तुमच्या म्हणण्याला आकड्यांचा दुजोरा. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या बायकांत अंधत्व २.३१ टक्के, पुरुषांत १.६७. पन्नाशीपुढच्या अंधत्वात दोनतृतीयांश वाटा एकट्या मोतीबिंदूचा, ६६.२ टक्के. म्हणजे बहुतेकांचं अंधत्व एका छोट्या ऑपरेशनच्या अंतरावर आहे. जगाचं चित्रही असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार दृष्टीदोष असलेले २२० कोटी, त्यातले निदान १०० कोटी टाळता आले असते किंवा अजून उपाय व्हायचा आहे.

बरं, सगळंच रडगाणं नाही. खुपऱ्या (पापण्यांच्या आत पुरळ उठवणारा संसर्ग) आठवतात का? आजीच्या पिढीचे डोळे त्यांनी खाल्ले. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

मदुराई_मेल

कामानिमित्त मदुराईला दोन वर्षं होतो. ज्यांना हा प्रश्न सुटणार नाही असं वाटतं त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय बघून यावं. डॉ. वेंकटस्वामी ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरुवात केली. संधिवातानं हाताची बोटं वाकडी झालेली, त्याच बोटांनी त्यांनी हजारो ऑपरेशनं केली. थिएटरमध्ये दोन टेबलं शेजारी. एकावर काम चालू असताना दुसऱ्यावरचा रोगी तयार. सर्जन फक्त वळतो. तयारी, मोजमापं, पट्टी, समजावणं हे सगळं गावाकडून निवडून शिकवलेल्या मुली करतात. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर मोफतवाले. परदेशी भिंग परवडेना म्हणून १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, ऑरोलॅब. भिंगाची किंमत कुठल्या कुठे उतरली.

तिरकस_तात्या

झालं! डोळ्यांचा विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला अरविंद येणारच, यावर मी चहा लावायला तयार होतो.

कौतुक मान्य. पण आपल्याकडे काय आहे? भाऊंचा वाढदिवस आहे. फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा पंधरा फुटी, "भव्य मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप". नंबर काढायचा तक्ता मात्र दोन फुटी, तोही उन्हात लावलेला. चष्मे सगळे दीड नंबरचे, कारण घाऊक तेच स्वस्त मिळाले. पुढच्या वर्षी भाऊंचा पक्ष बदलला की शिबिराचं गावही बदलतं.

मदुराई_मेल

तात्या, चहा पाजा. अरविंदवालेही मोठी शिबिरं घेतातच, पण आता भर कायमच्या दृष्टी केंद्रांवर आहे. बाजाराच्या गावी एक खोली, एक प्रशिक्षित ताई, तपासणीचं यंत्र, आणि पडद्यावर मदुराईचा डॉक्टर. वाढदिवस असो-नसो, ते दार उघडं असतं. धागाकर्त्यांनी एका दिवसाच्या शिबिरापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवशी दर महिन्याला काही जमतं का बघावं.

पांढरीकाठी

दोन दिवस धागा ऐकतोय. हो, ऐकतोय. मला दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो.

आधी एक दुरुस्ती. माणदेशी, तुमची आत्या शेळीची धार अंदाजानं काढत नाही, हातानं काढते. डोळेवालेसुद्धा हातानंच काढतात. काठी आपटून पाय टाकते हे तर ती कुणी न शिकवता बरोबर करते आहे. माझ्यासारख्याला ते शिकायला पैसे मोजावे लागले.

आता माझं भांडण. इथं सगळे मोतीबिंदूवर बोलताय कारण त्याला उत्तर आहे. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, रांगेत बसवून फोटो काढला. तुमच्या शिबिरात दोनशे लोक आले तर त्यात काही जण असे निघतील की ज्यांना टॉर्च मारून सांगतील, "तुमचं काही होणार नाही." आणि पुढच्याला बोलावतील. त्या माणसांचं काय करणार आहात?

मी १९ वर्षांचा होतो. रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना. नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्यात निदान झालं, रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार. डॉक्टर चांगले होते, आवाजात माया होती. म्हणाले, यावर उपाय नाही, अधूनमधून दाखवत जा. दोन मिनिटं लागली त्यांना. मी सहा वर्षं घरात बसलो. तुमच्या आत्याचीही सहाच, म्हणून प्रतिसाद द्यायला बसलो. कॉलेज सुटलं. आईनं नवस केले, बाबांनी जमिनीचा तुकडा विकून कुठल्या कुठल्या जडीबुटीवाल्यांना पैसे दिले. त्या डॉक्टरांनी तिसरं मिनिट दिलं असतं आणि "उपाय नाही, पण अमुक ठिकाणी जा, तिथं काठीनं चालायला आणि संगणक ऐकून वापरायला शिकवतात" एवढं म्हटलं असतं, तर पुरलं असतं.

ते मला कुणी सांगितलं असेल? एसटीच्या कंडक्टरनं. तिकीट काढताना पैसे चाचपत होतो. तो म्हणाला, "दिसत नाही ना? मग पूर्ण तिकीट कशाला, ७५ टक्के सवलत आहे, दाखला काढा." दाखल्याच्या रांगेत एक मुलगा भेटला, तो फोन कानाला लावून बोटानं सरकवत मेसेज वाचत होता. त्यानं त्या बाकावरच मला टॉकबॅक, म्हणजे फोनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून दिलं. पुढे संगणक वाचून दाखवणारं एनव्हीडीए शिकलो, तेही फुकट मिळतं. आज एका बँकेत अधिकारी आहे.

तर शिबिर जरूर घ्या. पण एक जास्तीचं टेबल ठेवा, ज्यांचं "काही होणार नाही" त्यांच्यासाठी. दिव्यांग प्रमाणपत्राच्या ऑनलाइन अर्जासाठी मदत करणारं पोरगं, फोन बोलका करून देणारं पोरगं आणि चार पांढऱ्या काठ्या. खर्च कुस्तीच्या शेवटच्या इनामाइतकाही नाही.

माणदेशी_पाखरू

@पांढरीकाठी प्रतिसाद तीनदा वाचला. धार हातानं काढते हे मान्य. मीच डोळ्यांनी विचार करत होतो. शीर्षक बदलू का?

पांढरीकाठी

राहू द्या हो. "चाचपडत" शब्दाशी माझं भांडण नाही, मी दिवसभर तेच करतो. "अंध" म्हटलेलंही चालतं. "दिव्यांग" म्हटलं की मला माझ्या अंगात काही दिव्य असल्यासारखं वाटतं आणि मग लोक मला मटक्याचा आकडा विचारतात.

तिरकस_तात्या

लोल. आकडा लागला तर धाग्यावर कळवा.

शब्दप्रामाण्य

असहमत. "दिव्यांग" शब्दानं निदान हिणवणं कमी झालं. आमच्या गावात नावाच्या आधी "आंधळा", "लंगडा" लावायची पद्धत होती. माझ्या काकांचं खरं नाव मला त्यांच्या दहाव्याला कळलं. राज्यानं २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. शब्दाबरोबर खातंही आलं की.

कोल्हापुरी_सूनबाई

खातं आलं, पण त्या खात्याच्या कार्यालयाला लिफ्ट आहे का ते बघून मग टाळ्या वाजवू.

अळूची_वडी

मला इथं लिहायचं होतं आणि नव्हतंही.

माझा मुलगा ३० व्या आठवड्यात झाला, वजन १२८० ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत होता. जगला, घरी आणला, पेढे वाटले. चार महिन्यांचा झाला तरी खुळखुळ्याकडे बघेना, आवाजाकडे मात्र मान वळवायचा. तेव्हा कळलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तयार होत असतो आणि त्यात वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढून तो सुटू शकतो. वेळेत दिसलं तर लेसरनं थांबवता येतं. आमची वेळ गेली होती. बाळाचा जीव वाचवणाऱ्या त्या दवाखान्यात डोळे दाखवायचं कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या लशीची तारीख होती, डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून जिथं जाईन तिथं सांगते. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी. फारच लहान बाळाची त्याहून आधी. बाळ अजून पेटीत असलं तरी तिथंच करता येते. कुणी सांगायची वाट बघू नका, तुम्ही मागा.

तो आता नऊ वर्षांचा आहे. ब्रेल माझ्यापेक्षा वेगानं वाचतो. रात्री दिवा घालवल्यावर पांघरुणात पुस्तक वाचत बसतो आणि मला पत्ताच लागत नाही. ओरडायचं तरी काय म्हणून?

भिंगवाले_काका

ताई, तुमची ३० दिवसांची ओळ मी आमच्या तालुक्याच्या आशाताईंच्या गटावर टाकतो. नाव अर्थातच नाही.

खडू_फळा

@अळूची_वडी मुलगा कुठल्या शाळेत? मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात एक अंध मुलगी आहे, चौथीत. समावेशित शिक्षण (अंध मूलही साध्या शाळेत, सगळ्यांबरोबर) म्हणून नाव आमच्याकडे, आणि विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात, कारण त्यांच्याकडे पुष्कळ शाळा आहेत. उरलेले दिवस मी आणि ती. मला ब्रेल येत नव्हतं. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, मराठीचे सगळे वर्ण सहा टिंबांत बसतात हे कळल्यावर सुट्टीत शिकलो. आता मी डोळ्यांनी वाचतो आणि ती मला हसते.

अळूची_वडी

अंध मुलांच्या निवासी शाळेत आहे, पुण्यात. आम्ही शेजारची साधी शाळा आधी बघितली होती. बाई फार गोड, पण मुलाला वर्षभर पहिल्या बाकावर नुसतं बसवून ठेवलं. खाऊ द्यायच्या, गाणं म्हणायला लावायच्या. लिहायला काही नाही.

समावेशी

हेच चुकतं. निवासी शाळेत घातलं की मूल घरापासून तुटतं आणि बाकीची मुलं एकही अंध मित्र न पाहता मोठी होतात. मग तीच मुलं पुढं बँकेत, रेल्वेत, बांधकाम खात्यात जातात आणि आपण म्हणतो यांना जाणीव नाही. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा समावेशित शिक्षण सांगतो ते उगीच नाही.

अळूची_वडी

कायदा मला पाठ आहे. २१ प्रकारचं अपंगत्व, नोकरीत ४ टक्के, सगळं. माझ्या मुलाला पहिलीत लिहायला यायला हवं होतं, जाणीव वाढवायचं काम त्याच्या वर्गमित्रांच्या आईबापांनी करावं.

पांढरीकाठी

ताईंना अनुमोदन, आणि समावेशींनाही थोडं. पाया विशेष शाळेत पक्का करायचा आणि मग सर्वसाधारण कॉलेजात जायचं, असं अनेकांचं झालं आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या. ती शाळा १९०० सालापासून आहे. पुढे दोनदा यूपीएससी पास. पहिल्या वेळी रेल्वेच्या सेवेत घ्यायला दृष्टीचं कारण सांगून नकार आला, दुसऱ्या वेळी १२४ वा क्रमांक आणि थेट आयएएस. नकार देणारे सगळे समावेशित शाळांत शिकलेले असतील का, हा प्रश्न समावेशींना.

समावेशी

नसतीलच. तेच तर म्हणतोय मी. :)

किराणा_भुसार

अवांतर. आमच्या दुकानात एक अंध काका येतात. शंभर, दोनशे, पाचशे ते अंगठा फिरवून सांगतात, कडेला उठावाच्या रेघा आहेत म्हणे. मी तीस वर्षं नोटा मोजतोय, मला आजवर कळलं नव्हतं. पण दहा, वीस, पन्नासला अडतात.

पांढरीकाठी

बरोबर, नव्या छोट्या नोटांवर ती खूण नाही. शंभरला चार रेघा, पाचशेला पाच. पण नोट चार वर्षं बाजारात फिरली की उठाव पार झिजतो. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये "मणी" नावाचं अ‍ॅप काढलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की बोलतं. फक्त भाजीवालीसमोर फोन काढून नोटा बोलवायला लागलं की मागची रांगही बोलायला लागते.

कॅमेऱ्यावरून आठवलं. खातं उघडताना तो ओळख पटवायचा, केवायसीचा व्हिडिओ असतो ना, "कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा"? मिचकावतो मी, माझ्या पापण्या चांगल्या आहेत. कॅमेरा कुठं आहे ते कुणी सांगायचं? सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला हाच विषय निकाली काढला. ॲसिड हल्ल्यातल्या बायकांचीही याचिका होती, ज्यांना डोळे मिचकावताच येत नाहीत. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं आणि वीस निर्देश दिले.

तिरकस_तात्या

आणि फुटपाथवरच्या त्या अंधांसाठीच्या पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या? आमच्या रस्त्यावर सरळ जातात आणि थेट वडाच्या बुंध्याला भिडतात. मला आधी वाटलं वटपौर्णिमेसाठी केलंय.

चहाबिस्कीट

आमच्याकडच्या पाणीपुरीच्या गाडीपाशी संपतात. त्यापेक्षा सुगम्य काय असणार.

पांढरीकाठी

पत्ता कळवा.

तळेगाव_ते_टेक्सास

चष्म्याचा विषय तात्यांनी उडवून लावला म्हणून लिहितो. चाळिशीच्या साध्या चष्म्याची किंमत कमी लेखू नका. आसामातल्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन बघितलं होतं, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. चष्मेवाल्यांची पानं खुडण्याची गती न मिळालेल्यांपेक्षा वीस-बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. शिवणकाम करणाऱ्या बायका, सुतार, सोनार, यांचं काम चाळिशीत थांबतं ते याच कारणानं. आणि आपल्या भाषेनं तर वयाला आणि चष्म्याला एकच शब्द ठेवलाय.

भिंगवाले_काका

पूर्ण सहमत. तपासणीला नंबराची खोकी भरून ठेवा, एक ते तीन, पाव-पावच्या फरकानं.

आणखी एक, राहून गेलं होतं. मेडिकलमधून "लाल डोळ्याचे थेंब" आणून महिनोन्महिने घालणारे लोक निघतील. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. बरं वाटतं, आणि आत काचबिंदू होतो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली परत येत नाही. घरात एकाला असेल तर भावंडांनी, मुलांनी डोळ्याचा दाब तपासून घ्यायचा. थेंबांची बाटली बरोबर घेऊन या असं दवंडीतच सांगा.

आकडेमोड

काका, ते जास्तीचं टेबल शेवटी ठेवायचं की सुरुवातीला?

भिंगवाले_काका

खरं सांगू? २९ वर्षांत असं टेबल मी एकदाही ठेवलं नाही. "काही होणार नाही" हे वाक्य मात्र मीही म्हटलंय, किती वेळा ते मोजलं नाही. पांढरीकाठींच्या प्रतिसादानंतर दोन दिवस गप्प होतो तो म्हणूनच. शेवटी ठेवू नका, तिथवर येईतो माणूस खचलेला असतो, मुलगा हाताला धरून गाडीकडे ओढत असतो. चहाच्या शेजारी ठेवा.

माणदेशी_पाखरू

(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

कुस्त्या झाल्या, शिबिरही झालं. कुस्तीवाल्यांनीच गाड्या दिल्या, कारण एका वस्तादांच्या आईचाच मोतीबिंदू निघाला. १८६ लोक तपासले, ४१ मोतीबिंदूचे. त्यातले ३३ दवाखान्यात गेले. बाकीचे आठ कुठं अडले ते घरोघर जाऊन विचारतोय. त्यात सहा बायका आहेत, सूनबाई. दोघींच्या घरी मी गेल्यावर "पुढच्या महिन्यात बघू" झालं. आता वहिनीला पाठवणार आहे, माझ्याशी त्या बोलत नाहीत.

टेबल चहाशेजारी ठेवलं होतं. सात जण आले. एक ४८ वर्षांचे गवंडी, काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांचं जवळजवळ सगळं गेलेलं, तीन वर्षांपासून दाखला नाही, काही नाही. त्यांना पांढरीकाठींचा फोन लावून दिला. चाळीस मिनिटं बोलत होते, काय ते आम्हाला सांगितलं नाही. उठताना काठी मागून घेतली. एक काठी लहान पोरांनी तलवार म्हणून पळवली, ती परत मिळाली.

आत्याचा उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर होतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आरं, क्यास कुठं गेलं तुझं?"

डावा डोळा पुढच्या महिन्यात. शेळीची धार अजून न बघताच काढते.

चहाबिस्कीट

टक्कल झाकायचं शिबिर पुढच्या जत्रेला ठेवा.

अळूची_वडी

गवंडी काकांना आवाजी पुस्तकं पाठवू का? माझ्याकडे मुलाची बरीच आहेत, पण सगळी राक्षसांची.

पांढरीकाठी

पाठवा. मी विचारलंय त्यांना, काहीही चालेल म्हणाले, फक्त कीर्तन नको. आणि माणदेशी, त्यांच्या प्रमाणपत्राच्या अर्जात जुन्या तपासणीचे कागद जोडायचे राहिलेत. ते पत्र्याच्या पेटीत आहेत म्हणाले, वरच्या कप्प्यात, लग्नपत्रिकांच्या खाली.